मोरेकाकांचं मूळचं क्षेपणास्त्र

मोरेकाकांना खोटं बोलता येत नाही. गुण म्हणून स्थळाला सांगायला ठीक आहे, पण सिंगापूरच्या एमआरटी मेट्रो स्टेशनवरच्या तपासणीत अगदी कुचकामी.

बेडोकला आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये ते मुलाकडे राहतात. आयटीआयमध्ये तीस वर्षं लेथ शिकवून निवृत्त झालेले. इथे आल्यावर त्यांनी प्लॅस्टिकच्या पाइपांतून अमेरिकेचा पहिला उपग्रह वर नेणारं रॉकेट, जुनो-वन, त्याचं मॉडेल तयार केलं. चांगलं माझ्या खांद्याएवढं! खऱ्या रॉकेटचा वरचा भाग उडायच्या आधीच गरगर फिरायला लागायचा, म्हणून काकांनी तिथे सुनेचं सॅलड फिरवून सुकवायचं भांडं बसवलं. तेव्हापासून त्यांच्या घरी सॅलड ओलंच असतं.

"हे मूळचं क्षेपणास्त्र, बरं का!" हे त्यांचं पालुपद. "टोकावरचा बॉम्ब काढला, उपग्रह ठेवला. माणसाला अक्कल येते ती अशी."

शेजारची चिनी आंटी हे रोज ऐकून घ्यायची. ऐकायची नाही ती फक्त नात, नऊ वर्षांची रेवा. कानात इअरफोन, आणि इथल्या इंग्रजीच्या ढंगात "लेटर लाह, आजोबा." काका हसण्यावारी न्यायचे. पण एकदा मला म्हणाले, "तिच्यासाठीच केलंय रे हे सगळं."

म्हणून तोआ पायोहच्या रविवारच्या मराठी वर्गात बाईंनी रॉकेट दाखवायला बोलावलं, तेव्हा काका हरखले. रेवा तिथेच शिकते. वर्गातून तरी ती उठून जाणार नव्हती! ती आईबरोबर पुढे गेली. मागून काका आणि रॉकेटचं बूड धरून मी.

स्टेशनवर तपासणीवाल्याने नम्रपणे विचारलं, "अंकल, व्हॉट इज दिस?"

"ओरिजिनली, मिसाइल."

झालं! मी कपाळावर हात मारला. चार माणसं जमली. काकांनी त्यांना भांडं फिरवून दाखवलं, सगळा इतिहास ऐकवला. एकाने तर फोटोही काढून घेतला. सुटलो तोवर वर्ग संपायची वेळ होऊन गेली होती. "गेली असतील पोरं," काका गाडीत म्हणाले. मघाशी मला त्यांचा भयंकर राग आला होता, आता तो कुठल्या कुठे गेला.

पोचलो तर सगळी पोरं जागेवर. रेवा दारात हात पसरून, आमच्याकडे पाठ करून उभी. "वेट लाह! त्या सॅटेलाइटचा सिग्नल पण आठ मिनिटं लेट आला होता. सगळ्यांना वाटलं, रॉकेट पडलं. बट इट वेंट हायर, म्हणून लेट, ओके?"

हे काका जेवताना सांगायचे. तिने कान दिलाय असं आम्हाला कधी वाटलंच नव्हतं.

काकांचे डोळे घळाघळा वाहायला लागले. दोन्ही हातांत रॉकेट, पुसणार कसे? शेवटी मीच रुमाल काढला.