पाहिलं कुणी?

दिवाळीच्या पार्टीला एकीने चकल्या आणल्या होत्या. नॉटिंगहॅममधला आमचा कम्युनिटी हॉल, चाळीसेक मराठी माणसं, सगळ्यांच्या तोंडात चकली. ती बिचारी लाजत म्हणाली, "घरीच केल्यात हं."

वसुधाताई पाटणकरांनी चकली डोळ्यांपुढे धरली, फिरवली आणि विचारलं, "पाहिलं कुणी?"

चकलीवालीचा नवरा एकदम छताकडे बघायला लागला. चकल्या वेम्बलीच्या दुकानातल्या निघाल्या.

ही बाई माझ्या डोक्याला ताप आहे, हे आधीच सांगून टाकते. कुणाच्या मुलीचं लग्न ठरलं, "मुलगा पाहिला कुणी?" कुणी म्हणालं आमच्या दाराशी कोल्हा येतो, "पाहिला कुणी?" पार्टीपुरतं ठीक होतं हो. पण ही बाई माझ्याच हॉस्पिटलमध्ये नोकरीला आहे, आणि माझी नोकरी तिच्या टेबलावरून जाते!

मी इमर्जन्सीत नर्स आहे. आता शिकून वरच्या दर्जाची नर्स प्रॅक्टिशनर झालेय, म्हणजे पेशंट तपासायचा, एक्सरे मागवायचा, औषध लिहायचं, घरी सोडायचं, सगळं मीच. मात्र इथे नुसती डिग्री असून भागत नाही. टाके घालायचे? एखाद्या सीनिअरने समोर उभं राहून पाहायचं, सही करायची, मग हॉस्पिटल परवानगी देणार. मनगटाचं हाड बसवायचं? परत तेच. या सगळ्या सह्या तपासून परवानगी देतात वसुधाताई. पूर्वी त्या वॉर्ड सिस्टर होत्या. नर्सेस त्यांना घाबरायच्याच, आता डॉक्टरही घाबरतात.

माझं सगळं झालं होतं, फक्त मनगट राहिलं होतं. ते महिनाअखेरीपर्यंत झालं नाही तर माझी जागा दुसऱ्याला जाणार आणि मी परत वॉर्डात. एवढी वर्षं घर, नोकरी, अभ्यास करून काय मिळवलं, तर तोच वॉर्ड!

आणि नशिबाने एक मनगट आलं. आजीबाई बर्फावर घसरल्या होत्या. मी भूल दिली, मदतनीसाने कोपर धरलं, सीनिअर डॉक्टर ऑलिव्हर शेजारी उभा, कमरेला ब्लीप, म्हणजे पेजर. मी हात ओढला, अंगठ्याने दाबलं, हाड बसलं. एक्सरे असा सुंदर की फ्रेम करून लावावा. ऑलिव्हरने सही केली.

दुसऱ्या दिवशी वसुधाताईंचा त्याला फोन. "ओढताना हिचा अंगठा कुठे होता?"

ऑलिव्हर सरळ माणूस. म्हणाला, "सॉरी, तेवढ्यात माझा ब्लीप वाजला. मी दोन सेकंद पडद्याबाहेर गेलो होतो."

झालं! सही बाद.

मी तणतणत त्यांच्या ऑफिसात गेले. "ताई, हाड बसलंय! एक्सरे बघा! आजीबाई मला चॉकलेट देऊन गेल्या!"

"चॉकलेट पाहिलं कुणी?"

"मी खाल्लं!"

"अगं, रागावतेस कशाला? बसवलंस, चांगलंच केलंस. पण बसवताना पाहिलं नाही कुणी. उद्या तुझ्या हाताखाली कुणाची आई असेल. तिला मी काय सांगू, एक्सरे छान होता म्हणून?"

मी दार आपटलं नाही, कारण त्या दाराला स्प्रिंग होती. पण घरी येऊन नवऱ्याला इतकं बोलले की तो म्हणाला, "माझं काय चुकलं?" महिना संपत आला, थंडी ओसरली, लोकांनी घसरणंच बंद केलं. दुसऱ्याचं हाड मोडावं म्हणून वाट बघायची वेळ आली होती माझ्यावर. शी!

मग एका दुपारी अ‍ॅम्ब्युलन्सवाल्यांनी व्हीलचेअर आत आणली. बघते तर वसुधाताई! केस विस्कटलेले, उजवं मनगट पार वाकडं.

"बघत काय बसलीस?" त्या म्हणाल्या. "मनगटच आहे. तूच बसव. आणि ऑलिव्हर, तुझा तो ब्लीप दुसऱ्या कुणाकडे दे."

पण आधी हिस्ट्री घ्यावी लागते. पडलेल्या प्रत्येक पेशंटला आम्ही ठरलेले प्रश्न विचारतो. चक्कर आली होती का, डोक्याला लागलं का. मी विचारत गेले, त्या उत्तरं देत गेल्या. पुढचा प्रश्न माझ्या तोंडून सवयीने निघून गेला.

"पडताना पाहिलं कुणी?"

पलीकडे एक मूल रडत होतं, वसुधाताई तिकडे बघत बसल्या.

"नाही गं," त्या म्हणाल्या. "सकाळी किचनमध्ये पडले. उठताच येईना. दुपारी शेजारीण कचऱ्याचा बिन आत घ्यायला आली, तिचा आवाज आला तेव्हा हाक मारली. हे गेल्यापासून घरात पाहायला आहे कोण?"

त्या बाईवर इतके दिवस साठवलेला राग कुठे ठेवू, कळेना.

हाड बसवलं. ऑलिव्हर डोळे फाडून बघत होता, पापणीसुद्धा लवली नसेल त्याची. वसुधाताई वेदनेने ओठ आवळून, "अंगठा बघ, तिचा अंगठा बघ," असं त्यालाच सांगत होत्या. एक्सरे बघून समाधानाने म्हणाल्या, "आता ऑलिव्हरच्या सहीचा कागद मार्टिनकडे पाठव. माझी सही चालायची नाही, मी पेशंट आहे." आणि प्लास्टर ओलं असतानाच डाव्या हाताने त्यांनी त्यांच्या असिस्टंटला, मार्टिनला, फोन लावला. माझी जागा राहिली.

पण त्यांना घरी सोडेनात. एकटी राहणारी बाई, उजवा हात प्लास्टरमध्ये. एका हाताने निदान चहा करता येतो का, हे कुणीतरी पाहावं लागतं. इथला नियमच आहे तो. हेच तपासणारी थेरपिस्ट म्हणाली, "आज घरी कुणी असणार आहे का?"

वसुधाताई डाव्या हाताने विस्कटलेले केस सारखे करायला लागल्या.

"मी आहे," मी म्हणाले. "माझी ड्यूटी संपलीच आहे. मी पाहते."

त्यांच्या किचनमध्ये मी खुर्चीत बसले आणि त्यांनी परीक्षा दिली. दुधाच्या बाटलीचं झाकण बाटली काखेत धरून उघडलं. आलं एका हाताने खलबत्त्यात ठेचलं. मी उठायला लागले की, "बस तिथेच, मदत केलीस तर धरणार नाहीत." मग कपाटातून दुसरा कप काढला. त्यावर धूळ होती. तो नळाखाली बराच वेळ धुतला.

चहा फर्मास झाला होता.

"काय मग," त्या म्हणाल्या, "पास?"

मी कप खाली ठेवला. "ताई, तुम्ही गॅस बंद केलात ना, तेव्हा मी खिडकीतून बाहेर बघत होते. पाहिलं नाही कुणी. उद्या चहा परत करावा लागेल."

त्या चकलीकडे बघितलं होतं, तसं त्यांनी माझ्याकडे रोखून बघितलं. मग डोळे पुसले, डाव्या हाताने, जरा वेंधळेपणाने.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "न पाहता सही करायची नसते."

मी निघाले तेव्हा त्या कप विसळत होत्या. दुसरा कप त्यांनी परत कपाटात ठेवला नाही.