तुळशीराममामाने लावलेलं सुतक

तुळशीराममामाला कोणीही भेटो, पहिला प्रश्न ठरलेला. "कोन्या गावचे, बावा?" दुसरा, "मायचं माहेर?" तिसऱ्या प्रश्नापर्यंत समोरचा माणूस त्याचा भाचा, व्याही नाहीतर साडू झालेला असायचा. एकदा शेलूबाजार ते मालेगाव एवढ्या वाटेत त्यानं एसटीच्या कंडक्टरला गावजावई करून टाकलं. त्या बिचाऱ्यानं उतरताना मामाच्या पाया पडून घेतलं!

मामा अडतीवर मापारी. ज्वारी मापता मापता गावोगावचे लोक भेटायचे आणि प्रत्येकाचं खानदान याच्या तोंडपाठ. आमच्या शेजारच्या खोलीत मात्र एकटाच राहायचा. "सोयरे लय हायेत, कोनाकोनाच्या घरी जाव?" म्हणून कोणाच्याच घरी जायचा नाही.

दुष्काळ सरला त्याच्या पुढच्या वर्षी माझे वडील गेले. शाळामास्तर होते. मीटिंगसाठी मालेगावला निघाले, वाटेतल्या एका गावी एसटी पंक्चर झाली, तर लिंबाखाली बसले आणि बसल्या जागीच गेले. त्या गावाचं नाव मी सांगत नाही, उगीच कोणाला राग यायचा.

मरण सोपं झालं, नोंद काही होईना. आमचा ग्रामसेवक म्हणे, "आमच्या हद्दीत वारले नाहीत." तिथला म्हणे, "आमच्या गावचे नाहीत." म्हणजे माझा बाप मेला तरी कुठं? दाखल्याशिवाय आईचं पेन्शन सुरू होत नव्हतं, घरात दोन लहान बहिणी. महिन्याच्या आत नोंद झाली नाही की तहसील, वकील, शपथपत्र. आणि महिना दुसऱ्या दिवशी भरत होता.

"मी येतो संग," मामा म्हणाला. "मानूस हाये थो. मानसाले गाव राह्यते."

तिथला ग्रामसेवक कपाळाला अष्टगंध लावून बसलेला. आडनाव आमचंच. मामाला तेवढं पुरे होतं. बूड टेकायच्या आत सुरू. "मूळ गाव कोनतं, साहेब? केनवड? अरे बापा! मास्तरचे आजेही केनवडचेच! एका घरचे दोन भाऊ, एक रिसोडकडे राह्यला, एक इकडे आला. तुमची तं भावकी निघाली!"

ग्रामसेवकाचा चेहरा मऊ झाला. त्यानं चक्क रजिस्टर उघडलं, टाक उचलला. मी मनात म्हटलं, जमलं! आणि टाक परत खाली.

"म्हंजे गेले ते माहे चुलते लागतात?"

"लागतात म्हंजे काय? भावकीच!" मामा खुशीत.

"मंग मले सुतक लागलं. आज कयलं, आजपासून तीन दिवस. सुतकात मी सरकारी शिक्क्याले हात लावत नाही." आणि तो आंघोळीला निघालाच.

मी दारात आडवा झालो. "साहेब, उद्या महिना भरते!"

"भावकीतले होऊन असं बोलता?" त्यानं उलट मलाच झापलं.

मी मामाकडे पाहिलं. मनातून त्याला चार शिव्या हासडल्या. मामानं टोपी काढली.

"बसा, साहेब. थे खोटं हाये."

"आता खोटं काहून म्हनता?"

"केनवडचं मी बनवून सांगतलं. सारीच बनवतो. मले कोनी रिसोडच्या बाजारात ओट्यावर सोडून गेलं होतं. माय कोन, बाप कोन, मलेच ठाऊक नाही. मंग दुसऱ्याइची नाती जोडत राह्यतो. जीव रमते." जरा थांबून म्हणाला, "तुमाले सुतक नाही लागत, साहेब. पोराचं काम करा."

ग्रामसेवक परत येऊन बसला. त्यानं नोंद घेतली, शिक्का मारला, आणि दाखला माझ्याऐवजी मामाच्या हातात दिला.

बाहेर आल्यावर मामा म्हणाला, "बापू, गावात नको सांगू. लोक मले सोयरिकी पुसतात." मला रडू आवरेना. बापासाठी की याच्यासाठी, कोण जाणे.

गावात मी सांगितलं नाही. आईला मात्र सांगितलं. पेन्शन सुरू झालं. पुढच्या दिवाळीत भाऊबीजेच्या दिवशी तिनं मला मामाकडे पिटाळलं. तिला सख्खा भाऊ नव्हता.

मामा धुतलेलं धोतर नेसून आला. आईनं पाट मांडला, तर हा भिंतीला टेकून उभाच. दहा तालुक्यांची नाती सांगणारा माणूस हळूच माझ्या कानाशी लागला, "बापू, याच्यावर कोन्या तोंडानं बसा लागते रे?"

"पूर्वेकडे," आई म्हणाली. "बसा, दादा."