कड्याखालील दगड चार हात सरकला त्याचे वर्तमान

श्री दाही दिशा प्रसन्न. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरे, वैशाख शुद्ध पंचमी. ते दिवशी राज्याचे मोजणीदार राजश्री बहिरोपंत, सेवेचा अखेरचा मास चालत असता, कड्याखालील गावी दाखल जाहाले. कारण ऐसे जे, बारा वर्षांमागे त्यांणीच तेथे हद्दीचा दगड रोविला, आणि त्या दगडाने सगुणाबाईंची विहीर शेजारी तुकोजींचे रानात गेली, आणि आजेसासऱ्यांनी खणिलेल्या विहिरीवर बाई तेव्हांपासून पाणी मागोन भरीत. तुकोजी नाही म्हणत नसत, परंतु मागावे लागे. पंतांस हे पुढे कळले आणि अन्न गोड लागेना. त्यांचे वरिष्ठ दिवाणसाहेबीं परोपरी समजाविले की जाता जाता बोभाटा कशास करिता, नाव जाईल. पंत मुळचे हट्टी, ऐकतात कशाला! मग गावाबाहेरील माळावर, जेथे आभाळ चहूकडे मोकळे, तेथे उपग्रहांवरोन जागा सांगणारे यंत्र मांडिले आणि आकाशीचे उपग्रह चारी दिशांस पांगेपर्यंत दोन प्रहर उन्हात बैसले आणि मग तेथून दुर्बिणीने विहिरीपर्यंत माप आणिले. दगड चार हात चुकला होता.

चावडी बैसली. तुकोजी म्हणो लागले की मागे सात उपग्रहांनी साक्ष दिली, आज सहांनीच, मग सहांनी सातांस खोटे कैसे पाडावे? सभेने माना डोलाविल्या. तेव्हां पंत उठिले. बाईंकडे वळोन बोलिले, "सात होते खरे. पण तेव्हा यंत्र कड्याखालीच लावलेलं, अर्धं आभाळ झाकलेलं, सातही पूर्वेला एका कोपऱ्यात. मांडवाच्या खांबाला सात दोर एकाच बाजूनं बांधले तर तो ठाम राहील का? चारी बाजूंनी बांधले तर सहा पुष्कळ झाले. मला जेवायची घाई होती, मी थांबलो नाही. चूक माझी आहे, बाई."

सभेने पंतांचे माप मान्य केले. दगड चार हात सरकला आणि विहीर फिरोन बाईंचे रानात आली. दुसरे दिवशी तुकोजी रिकामी घागर घेवोन विहिरीपाशी आले आणि खाली पाहोन म्हणाले, "वैनी, पानी भरू का?" सगुणाबाई बोलिल्या, "भरा भावजी. इचारू नगा. इचारून पानी भरताना कसं वाटतं, ते म्या बारा वर्सं बघितलंय."

येणेप्रमाणे हद्द ठरली. पंत ओंजळीने पाणी प्याले आणि घरी गेले. लिहिणारास हा म्हातारा फार आवडला, हे लपवोन काय करावे.