सिद्रामअण्णांचा सेंट

मानवी संस्कृतीचा इतिहास हा टिकवण्याचा इतिहास आहे. माणसाने कणगीत धान्य टिकवलं, दगडावर अक्षरं टिकवली, मिठात कैरी टिकवली. या थोर परंपरेत आमचे शेजारी सिद्रामअण्णा यांनी घातलेली भर अशी, की सोलापूरच्या मे महिन्यात सकाळी मारलेला सेंट ते संध्याकाळी दूध आणायला जाईपर्यंत टिकवतात.

अण्णा वीजखात्यातून वायरमन म्हणून निवृत्त झाले. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. एकुलता मुलगा महेश दुबईला. घरात अण्णा, एक कूलर आणि एक फ्रिज. फ्रिजच्या दारात अंड्यांसाठी कप्पा असतो. अण्णांच्या घराण्यात अंडं कधी शिरलेलं नाही, त्यामुळे त्या रिकाम्या जागेत सेंटची बाटली नांदते, तीही काळा पायमोजा घालून.

“उजेड बाधतो वो सर त्याला. अन् बाथरूममधी तर ठिवूच नये. वाफंनं बाद होतो.”

परिणामी अण्णांकडचं ताक प्यायलं की आपण कुणाच्या तरी लग्नाला निघालो आहोत असं वाटतं.

सेंट मारणं हा त्यांच्याकडे विधी आहे. आंघोळ झाल्यावर मनगटाला आणि कानामागे खोबरेलाचं बोट फिरवायचं आणि त्यावर सेंट मारायचा. “कोरड्या अंगावर मारणं म्हंजे तापलेल्या डांबरीवर पाणी शिंपडणं.” एकदा भाजीला निघताना त्यांनी माझ्या मनगटावर फवारा दिला. तिथे पोचल्यावर मी सवयीने दोन्ही मनगटं एकमेकांवर घासली, तर भर भाजीबाजारात ओरडले, “चोळू नका वो! मरतो की त्यो!” मेथीवाल्या बाईने जुडी खाली ठेवून आधी माझ्याकडे आणि मग जमिनीकडे पाहिलं.

कुठे किती, याचेही नियम होते. देवळात फक्त रुमालाला. लग्नात मनगट, मान आणि सदऱ्याची आतली बाजू. मयताला नुसता बंडीवर. “दुःख हायच की, पण खांदा देताना शेजारच्याला घामाचा वास कशाला?”

ही बाटली महेशने मागच्या खेपेला आणली होती. जाताना तो म्हणाला होता, “पप्पा, संपली की सांगा, नवीन घेऊन येतो.” हे वाक्य अण्णांनी गल्लीत सगळ्यांना ऐकवलं होतं. इस्त्रीवाल्यालाही.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडाला मी त्यांच्याकडे गेलो, तेव्हा अण्णा पायमोजा काढून बाटली खिडकीच्या उजेडात धरून बसले होते.

“अर्धी हाय अजून,” ते म्हणाले.

“कमाल आहे अण्णा तुमची! दुसऱ्या कुणाची केव्हाच संपली असती.”

“तेच की,” अण्णा म्हणाले आणि बाटलीला पुन्हा पायमोजा चढवला. कौतुकाने पडलेला चेहरा मी पहिल्यांदाच पाहिला.

त्यानंतर अण्णा बिघडले. आधी बाटली फ्रिजमधून निघून खिडकीत, थेट उन्हात आली. मग दूधवाल्याला फवारा, पडद्यांना फवारा, माझ्या स्कूटरच्या सीटला फवारा. एका सकाळी तर ते स्वतःची मनगटं खसाखसा चोळताना दिसले. एखाद्या कट्टर शाकाहारी माणसाला खाटकाच्या दुकानातून बाहेर पडताना बघावं तसं मला झालं.

आणि मग एका दुपारी आमच्या अख्ख्या गल्लीला सेंटचा वास सुटला. गटारसुद्धा कुठल्याशा समारंभाला निघाल्यासारखं दरवळत होतं. बायको म्हणाली, “बघून या. अण्णांकडनंच येतोय.”

अण्णा कूलरपाशी उकिडवे बसले होते. हातात पक्कड. बाटलीचं तोंड त्यांनी पकडीने उचकटून काढलं होतं आणि उरलेला सगळा सेंट कूलरच्या पाण्यात ओतला होता. कूलर पूर्ण वेगात चालू होता.

“अण्णा, हे काय केलंत?”

“संपतच नव्हती वो सर.” त्यांनी बाटली उलटी करून शेवटचा थेंब झटकला. “टिकवायचं मीच शिकलेलो लई. आता काय करू?”

मग हात पुसून त्यांनी माझ्यासमोरच फोन लावला. आवाज मुद्दाम सहज ठेवला होता. “महेशा, ती बाटली संपली बघ… व्हय, पार संपली… न्हाय न्हाय, घाई न्हाय. आपलं तू म्हणलेलास म्हणून सांगितलं.” फोन ठेवून म्हणाले, “बघतो म्हणलाय.”

त्या आठवड्यात अण्णांनी माळ्यावरची गादी उन्हात टाकली, कपाटातून नवी चादर काढली आणि शेंगाची चटणी कुटून घेतली. महेशला ती तिखट लागते, आणि तिखटच आवडते. दारापुढे रिक्षा थांबली की अण्णा काही ना काही निमित्त काढून ओट्यावर यायचे.

बाटली आली. कुरिअरने. महेशने फोन करून सांगितलं की या वेळी मोठी घेतली आहे, आता दोन-तीन वर्षं बघायला नको.