प्रिस्काबाईंचं जायचं लुगडं

नाताळ आठवड्यावर आला तेव्हा विनीने घरात जाहीर केलं की यंदा आपल्या घरातून चकचकीत कागदाचा एक तुकडाही बाहेर जाणार नाही. रविवारी चर्चमध्ये मिस्सेत फादरांनी सांगितलं होतं, नाताळ निसर्गाला जपून साजरा करा. ऐकलं वसईतल्या सगळ्या नंदाखाल गावाने होतं, मनावर घेतलं ते विनीने. ती शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे तिला मनावर घ्यायची सवयच आहे. प्लास्टिकचं झाड माळ्यावरून खाली उतरलंच नाही, अंगणातल्या चिकूलाच कागदी तारे लटकले. थर्माकोलचा गोठा बाद होऊन पेंढ्याचा आणि करवंट्यांचा गोठा उभा राहिला. तिच्या नवऱ्याने, टोनीने, निदान दिव्यांची एक माळ तरी लावू दे म्हणून गयावया केली. त्याला एक पणती मिळाली.

राहता राहिला प्रश्न फराळाच्या ताटांचा. दरवर्षी करंज्या, कुलकुल आणि केक लाल-सोनेरी कागदात गुंडाळून शेजारीपाजारी जायचे. यंदा ते कापडात बांधून द्यायचे असं विनीने ठरवलं, आणि कापडासाठी ती सासूबाईंकडे, म्हणजे तिच्या आयकडे, गेली. प्रिस्काबाई ओटीवर बसून फणीवर कुलकुल वळत होत्या. दुधाच्या पिशव्या धुऊन वाळत घालणं, सुतळीचा तुकडा न् तुकडा जपणं, हे सगळं त्या जन्मभर करत आल्या होत्या. फक्त त्याला पर्यावरण म्हणतात हे त्यांना ठाऊक नव्हतं, त्या त्याला काटकसर म्हणायच्या. जुनं लुगडं मागितल्यावर त्या खूश झाल्या.

"घे की. पेटी उघडीच हाय," त्या म्हणाल्या. (त्यांची बोली जशीच्या तशी लिहिली तर वसईच्या खाडीपलीकडे दुभाषा लागेल, म्हणून ती थोडी सोपी करून दिली आहे.)

विनीने पेटी उघडली. वरची लुगडी आय रोज नेसते, ती कापली तर म्हातारी नेसणार काय? विनी विचारी मुलगी. तिने तळापर्यंत हात घातला. तिथे पांढऱ्या फडक्यात बांधलेलं एक लाल लुगडं होतं, हिरव्या-पिवळ्या काठाचं. लग्न होऊन या घरात येऊन तिला इतकी वर्षं झाली, पण आयच्या अंगावर ते तिने एकदाही पाहिलं नव्हतं. म्हणजे हे नकोसं झालेलं, असा तिने शास्त्रीय निष्कर्ष काढला आणि कात्री चालवली. कापड इतकं मऊ होतं की कात्री लोण्यातून जावी तशी गेली. नाताळच्या आदल्या दिवशी लाल गाठोडी घरोघर पोचली आणि ज्याने त्याने विनीचं कौतुक केलं.

नाताळच्या दुपारी प्लासिड भेटायला आला. प्लासिड म्हणजे प्रिस्काबाईंचा धाकटा दीर. एकटा राहतो, थंडीला भितो. त्याने विनीचं कापड गळ्याभोवती मफलरसारखं गुंडाळलं होतं. प्रिस्काबाईंनी त्याला केक दिला, वाईन दिली, आणि मग त्यांची नजर त्याच्या गळ्यावर गेली ती तिथेच राहिली.

"प्लासिड, तब्येत बरी हाय ना तुझी?"

"बरी हाय वयनी. का गं?"

"काय नाय. मफलर काढ. उकडतंय."

प्लासिडला उकडत नव्हतं, पण वहिनीचा आवाज असा होता की त्याने मुकाट्याने मफलर काढून दिला. तो गेल्यावर प्रिस्काबाई कापड मांडीवर पसरून बसल्या. काठावरून बोट फिरवत राहिल्या. विनीने विचारलं, तेव्हा त्यांनी हळू आवाजात सांगितलं. ते त्यांचं जायचं लुगडं होतं. याच लुगड्यात त्यांचं लग्न लागलं होतं. त्यानंतर त्यांनी ते कधी अंगाला लावलं नाही. पेटीत पडून कसर लागेल म्हणून दरवर्षी नोव्हेंबरात, मृतांच्या दिवशी, धुऊन सावलीत वाळवायचं आणि पुन्हा बांधून ठेवायचं. टोनीचे वडील बस्त्याव गेले तेव्हापासून तर त्या अगदी तयारीत होत्या. बोलावणं आलं की हे नेसवा आणि पाठवा.

विनी खाली बसली आणि रडायला लागली. नवीन लुगडं आणते म्हणाली, अगदी तस्सं.

"नवीन काय करू?" प्रिस्काबाई म्हणाल्या. "बस्त्याव गेला तेव्हा माझे केस काळे होते. दात होते. आता तिथं एवढ्या गर्दीत तो मला कशावरून ओळखंल? लुगड्यावरून ओळखला असता."

टोनी उगीच पणतीची वात सारखी करत राहिला. शेवटी प्रिस्काबाईंनीच डोळे पुसले आणि मार्ग काढला. सगळे तुकडे गोळा करायचे, शिवून घ्यायचे. "वर कोण शिलाई बघत नाय," त्या म्हणाल्या.

पण मागायचे कसे? माणसांनी प्रेमाने घेतलेलं कापड. ते एका म्हातारीचं शेवटचं वस्त्र आहे असं सांगितलं, तर नंदाखालमध्ये पुढच्या वर्षी विनीच्या घरची करंजी कोणी तोंडात घातली नसती. इथे टोनीची अक्कल पहिल्यांदा कामी आली. तो म्हणाला, पर्यावरणाचंच नाव सांगू. कापड परत घ्यायचं, धुवायचं, पुढच्या वर्षी पुन्हा वापरायचं, हीच खरी योजना होती, सांगायचं राहून गेलं म्हणू.

दुसऱ्या दिवशी सासू-सून बाहेर पडल्या. योजना उत्तम होती, फक्त एक गोष्ट तिघांच्याही लक्षात आली नव्हती. वसईत कोणी रिकामं भांडं परत करत नाही, मग रिकामं कापड कोण करेल? पहिल्या घरातून तुकडा परत आला तो अंडी बांधून. दुसऱ्यातून नारळ. तिसऱ्या घरात तर विनीच्याच करंज्या विनीला परत मिळाल्या, कारण त्या घरच्या बाईला कोणाचं ताट कोणतं ते आठवत नव्हतं. वर तिने योजनेचं भरभरून कौतुक केलं आणि ते सगळं धरायला सोपं पडावं म्हणून एका मोठ्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून दिलं. विनीने ती पिशवी डोळे मिटून घेतली.

मग हरिभाऊंची वाडी आली. हरिभाऊ आणि लतिकाकाकू पिढ्यान्‌पिढ्यांचे शेजारी. लतिकाकाकूंनी तोंड भरून स्वागत केलं, पण कापडाचा विषय निघताच त्या नवऱ्याकडे बघायला लागल्या. हरिभाऊंनी घसा साफ केला आणि दोघींना मागे भाजीच्या वाफ्याकडे नेलं. तिथे वांग्यांच्या मधोमध बुजगावणं उभं होतं. त्याच्या खांद्यावरून लाल कापड, हिरवा-पिवळा काठ, सगळं नीट पिनेने टाचलेलं.

"लाल रंगाला पाखरं भितात प्रिस्काबाय," हरिभाऊ चाचरत म्हणाले. "मी म्हटलं, तुमच्या घरचं कापड वाया जायला नको."

विनीला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. प्रिस्काबाई मात्र बुजगावण्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. पुढे झाल्या, त्याचा पदर सारखा केला, आणि मग सावकाश एकेक पिन काढली. "लग्नात मी पण अशीच उभी होते," त्या म्हणाल्या. "हात पसरून नव्हते एवढंच." लतिकाकाकूंना काही कळलं नाही, पण त्या हसल्या. हरिभाऊंना इतकं ओशाळल्यासारखं झालं की त्यांनी केळ्यांचा अख्खा घड कापून दिला, आणि तो घरी न्यायला टोनीला स्कूटर घेऊन यावं लागलं.

संध्याकाळपर्यंत एक सोडून सगळे तुकडे जमले. उरलेला तुकडा पदराचा होता, सगळ्यांत देखणा, आणि तो गेला होता नालासोपाऱ्याला. विनीच्या शाळेतली ज्ञानदा तिथे राहते. तिला नुकतीच मुलगी झाली होती, म्हणून विनीने मुद्दाम पदर तिच्यासाठी ठेवला होता. पदराशिवाय लुगडं म्हणजे काहीच नाही, तेव्हा सासू-सून रिक्षात बसल्या. सोबत अंडी आणि नारळ होते, कारण आता रिकाम्या हाताने जाणं त्यांनाच बरं वाटेना.

ज्ञानदाने दार उघडलं ते तोंडावर बोट ठेवून. बाळ आत्ताच झोपलं होतं. ज्ञानदाच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती, पण चेहरा हसरा होता. तिने दोघींना आत नेलं आणि दाखवलं. खाटेवर तांबूस रंगाची एवढीशी मुलगी निवांत झोपली होती, आणि तिच्याभोवती दुपट्यासारखा गुंडाळलेला होता प्रिस्काबाईंचा पदर.

विनीला वाटलं, आता इथून पळून जावं. ज्या कापडात माणसाला पुरायचं ते बाळाला गुंडाळलंय, हे कळलं तर ज्ञानदा जन्मात तोंड बघणार नाही.

"अगं, काय सांगू," ज्ञानदा कुजबुजली. "दुकानातली एवढी महागडी दुपटी आणली, पण सगळ्यांनी हिच्या अंगावर रॅश यायची. रात्र रात्र रडायची. तुझी करंजी खाल्ली आणि सहज हे कापड गुंडाळलं, तर चार तास झोपली! तेव्हापासून हेच. धुवायला टाकलं तरी वाळेपर्यंत मी पंख्याखाली धरून बसते. इतकं मऊ कशाने झालं गं?"

विनी सासूकडे बघू लागली. पन्नासाहून अधिक वर्षं, दर नोव्हेंबरात, एकट्याने धुतलेलं आणि सावलीत वाळवलेलं कापड मऊ होणार नाही तर काय होईल.

पर्यावरणाची योजना विनीच्या ओठांवर आली, पण तिला ती सांगवेना. अवघडून तिने कशीबशी सुरुवात केली, "ज्ञानदा, ते कापड ना..."

"ते कापड चांगलं हाय," प्रिस्काबाई मधेच म्हणाल्या. "पण साबण कमी लाव. आणि उन्हात घालू नको, रंग जाईल. सावलीत वाळव."

एवढं सांगून त्या खाटेजवळ बसल्या. बाळाने झोपेतच मूठ उघडली आणि पदराचा काठ धरला. प्रिस्काबाईंनी तो काठ सोडवला नाही. उलट स्वतःचं एक बोट तिच्या मुठीजवळ नेलं, आणि मग ज्ञानदाने चहा करेपर्यंत त्या तिथून हलल्याच नाहीत.

परतताना रिक्षात विनीला राहवेना. ती म्हणाली, आय, मी तिला दुसरं मऊ कापड नेऊन देते, तुझी जुनी लुगडी आहेतच. समजावून सांगते. उद्याच पदर घेऊन येते.

"आणशील तर बघ," प्रिस्काबाई म्हणाल्या.

"पण मग तुझं लुगडं पुरं कसं होणार?"

"नाय होणार. बिनपदराची कशी जाऊ? बरं दिसतं का ते?"

"म्हणजे?"

"म्हणजे थांबायचं. पोरगी मोठी होईल, दुपटं सोडंल, मग बघू. नंतर तिला भाऊ झाला तर त्याला पण लागंल."

विनीला हसू आलं आणि रडूही आलं. तिने सासूचा हात घट्ट धरला. थोड्या वेळाने घाबरतच विचारलं, "आणि बाबा? ते वाट बघत असतील ना?"

प्रिस्काबाईंनी मांडीवरचं बोचकं सारखं केलं. ज्ञानदाने त्यांना रिकामं पाठवलं नव्हतं.

"बघू दे," त्या म्हणाल्या. "आगाशीच्या बाजारात केळी घेऊन जायचा, तो काय कधी वेळेवर घरी आलाय? जन्मभर मी कढण गरम करत बसले. आता बसू दे त्याला पण थोडा."