सासूबाईंचा शुक्रवार

आमच्या बेटावर, आपियात, वेळेच्या बाबतीत माझा शब्द म्हणजे शेवटचा! रेडिओवर रोज वेळ सांगतो मी. माझा आवाज ऐकून लोक घड्याळं लावतात, शाळा भरतात. तेव्हा धाकट्या मेहुणीच्या, म्हणजे सिनाच्या लग्नाला सासूबाईंना पागो पागोहून आणायचं काम मी छाती ठोकून अंगावर घेतलं.

"तू नको. मी बोलते आईशी," माझी बायको तालिंगी म्हणाली.

"मधे वार बदलतो, बाई! ज्याला कळतं त्यानंच करावं!"

पागो पागो शेजारच्या बेटावर, आमच्यापासून विमानानं जेमतेम अर्ध्या तासावर, पण मधून वार बदलणारी रेषा जाते. घड्याळात दोन्हीकडे तेच वाजलेले असतात, फक्त वार त्यांचा एकानं मागे. आमचा शनिवार उजाडला, तरी त्यांचा शुक्रवारच चाललेला! लग्न आमच्या शनिवारी सकाळी दहाला. सासूबाई आदल्या संध्याकाळी पोचायलाच हव्या होत्या, कारण नवरीची चटई त्यांच्याकडे. स्वतः विणलेली, रेशमाहून मऊ. ती व्याह्यांपुढे ठेवल्याशिवाय मुलगी सासरी पाठवायची, म्हणजे भर चर्चमध्ये घराण्याचं नाक कापून घ्यायचं!

गुरुवारी मी फोन लावला.

"आई, उद्या संध्याकाळच्या विमानानं निघा."

"म्हणजे गुरुवारी ना, बाळा?"

"गुरुवार आज आहे, आई!"

"इथं बुधवार आहे रे."

"तिथंच तर तुम्ही लोक चुकता! गुरुवार येऊन बसलासुद्धा. उद्या म्हणजे शुक्रवार. शुक्रवारी निघा."

"पण मी शुक्रवारी निघाले तर—"

"आई, रेडिओवर वेळ कोण सांगतं? तुम्ही की मी?"

"तू, बाळा," सासूबाई म्हणाल्या. मी लगेच शुक्रवारचं तिकीट काढून टाकलं. विषय संपला!

शुक्रवारी संध्याकाळी हार घेऊन विमानतळावर हजर. पांढऱ्या केसांची पहिली बाई दिसताच धावत जाऊन हार घातला. ती भलतीच कुणी निघाली, आणि हार घेऊन गेलीसुद्धा! विमान रिकामं झालं, सासूबाईंचा पत्ता नाही. मी बोटांवर वार मोजले. पुन्हा मोजले. हे विमान तिथून गुरुवारी निघालं होतं! सासूबाई त्यांच्या शुक्रवारी निघणार, म्हणजे इथं उतरणार उद्या संध्याकाळी. तोवर लग्न लागून, जेवणं होऊन, भांडी घासून झालेली!

घरी जाऊन खरं सांगायचं असंच ठरवलं होतं, शप्पथ! पण दारातच सिना उभी.

"आई कुठाय?"

तिचा चेहरा पाहिला आणि तोंडातून निघून गेलं, "चर्चच्या पाळकांच्या घरी उतरल्यात. डोकं दुखतंय. कुणी उठवू नका म्हणाल्या."

तालिंगीनं ताबडतोब ताट भरलं. नारळाच्या दुधात शिजवलेली अळूची पानं, अळूचे कंद, भाजलेला मासा. "गरम आहे तोवर देऊन ये."

काय करणार! पाळकांच्या घरामागं झाडाखाली बसून सगळं खाल्लं. रिकामं ताट पाहून बायको खूश. "डोकं दुखत असून जेवली हो! थांब, आणखी देते."

दुसरं ताट! अपराध्याला घास उतरत नाही म्हणतात. मला दोघांचे उतरले.

ढेकर दाबत परतलो, तर तालिंगीच्या कानाला फोन.

"काय, आई? उद्या निघतेयस? ... चटई होय? कापडातच गुंडाळ."

तिनं फोन ठेवला. माझ्या हातातल्या ताटाकडे पाहिलं. मग माझ्या पोटाकडे.

"मासा आवडला का रे आईला?"

मी सगळं सांगून टाकलं. तालिंगीनं मला जे काही म्हटलं ते रेडिओवर सांगता येणार नाही. पण सिना ओरडली नाही. नुसती खाली बसली, आणि तिचे खांदे हलायला लागले. "आईच्या हातून चटई घेतल्याशिवाय मी लग्नाला उभी राहणार नाही," एवढंच म्हणाली. मला वाटलं, त्या ताटातच तोंड लपवावं.

रविवार देवाचा, त्या दिवशी लग्न लावायचं नाही, आणि सोमवारी न्यूझीलंडचे पाहुणे परत निघणार. शेवटी पाळकच म्हणाले, "उद्या संध्याकाळी विमान उतरलं की लावू. पण माझ्या घराचं नाव घेऊन थापा मारल्यास ना? मग हा बदल गावाला तूच सांगायचास."

शनिवारी सकाळी माइकसमोर बसलो. "सिनाचं लग्न दहाऐवजी संध्याकाळी आहे. कारण..." माइक जरा लांब सारला. "कारण तिच्या मेहुण्याला वार कळत नाहीत!"

तरी व्याही दहालाच आले, कारण त्यांच्या गाडीचा रेडिओ बंद! तापल्या दगडांवरची डुकरं तयार होती. ती खात मंडळी दिवसभर बसली. संध्याकाळी नवरदेवाच्या कोटाचं बटण लागेना.

विमानातून सासूबाई उतरल्या, चटई छातीशी धरून.

"वेळेवर आले ना रे? लग्न उद्या सकाळी ना?"

"आत्ता आहे, आई."

"आत्ता? आज शुक्रवार ना?"

"तुम्ही निघालात तेव्हा होता."

त्यांनी बोटांवर वार मोजले. "म्हणजे फोनवर मी बरोबर सांगत होते."

"हो."

"मग ऐकलं का नाहीस, बाळा?"

त्यांनी निमूटपणे चटई माझ्या हातांवर ठेवली. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. चर्चमध्ये त्यांनी ती शालीसारखी सिनाच्या खांद्यांवर घातली, तेव्हा सगळे मायलेकींकडे बघत होते. मी शेवटच्या बाकाआड माझ्या चपला बघत होतो.

सोमवारी सकाळी त्यांना पोचवायला गेलो. तिकीट तालिंगीच्या हातात. मला हात लावायची बंदी!

"फेरेती," सासूबाई म्हणाल्या, "मी पोचेन तेव्हा तिथं रविवार असेल ना?"

मी बायकोकडे पाहिलं. तिनं मान डोलावल्यावर म्हणालो, "हो, आई."

"बरं झालं. पुन्हा चर्चला जाता येईल. काल तुझ्यासाठी प्रार्थना केली खरी, पण एकीनं भागेल असं वाटत नाही."