रेक्टरबाईंचा इंतजाम

जुलमी राजवटीवरची कादंबरी वाचून वाचणाऱ्याच्या अंगावर काटा यावा, अशी लेखकाची अपेक्षा असते. रेक्टरबाईंना हेवा वाटतो.

मी इंग्रजी कादंबऱ्या मराठीत आणते, त्यावर माझं पोट चालतं. सध्याच्या कादंबरीत भविष्यातलं एक शहर आहे. तिथं सगळ्यांनी एका भोंग्याला उठायचं, एका रंगाचे कपडे घालायचे आणि एका दालनात एकदमच जेवायचं. 'माझं' म्हणावं असं काही जवळ बाळगायचं नाही. नायक एक चमचा लपवतो. साधाच, जेवणाचा, पण त्याचा एकट्याचा. त्या चमच्यापायी पुढचं सगळं रामायण घडतं.

समोरच्या फ्लॅटमध्ये रेक्टरबाई राहतात. माझी मराठी कुठं अडखळते ते त्यांना चटकन कळतं, म्हणून सुरुवातीची प्रकरणं त्यांना वाचायला दिली. दुसऱ्या दिवशी कागद घेऊन आल्या, खुर्चीत टेकल्या आणि म्हणाल्या, "गाव लई चांगलं आहे गं. पण मला सांग, तिथला इंतजाम कुणाकडं आहे?"

"बाई, ती हुकूमशाही आहे."

"असू दे की. एवढ्या माणसांना एका टायमाला गरम वाढतात, सोपं काम आहे व्हय? मेस बघणारं कुणीतरी जाणतं माणूस असणार. फक्त चमचे मोजून घेत नाय, तिथं चुकतंय त्यांचं."

"चमचा म्हणजे त्याच्या स्वातंत्र्याचं प्रतीक आहे."

"आमच्याकडं पोरी पण चमचे न्यायच्या. प्रतीक-बितीक काय नाय, खोलीत चोरून पोहे करायच्या."

बाईंचं खरं नाव पद्माबाई शेळके, पण ते फक्त लाइटच्या बिलावर. शहरातल्या मुलींच्या एका वसतिगृहात त्यांनी सारा जन्म रेक्टर म्हणून काढला. कन्नड, वैजापूर, पैठणकडच्या शेतकऱ्यांच्या लेकी त्यांच्या हाताखालून शिकून गेल्या. स्वतः लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर गारखेड्यात आमच्या बिल्डिंगमध्ये फ्लॅट घेतला आणि वसतिगृह बंद पडल्याचं स्वतःला कळूच दिलं नाही.

पहाटे त्या जिन्यात उभ्या राहून दोन टाळ्या वाजवतात. कुणाला उठवायला नव्हे, असं त्यांचं म्हणणं. ज्याला ऐकू येतं तो आपोआप उठतो. नळाला पाणी यायच्या दिवशी तर त्यांच्या अंगात येतं. आमच्याकडं पाणी कधी येईल ते देव जाणे आणि पाणी सोडणारा जाणे, त्यामुळं ज्या दिवशी येतं त्या दिवशी बाई दारोदार फिरून प्रत्येकाला मोटारीची पाळी लावून देतात. पाळी मोडून कुणी मोटार लावली की बाई कमरेवर हात ठेवून त्याच्या दारात उभ्या. तळमजल्यावरचे शकीलभाई, ज्यांचं गुलमंडीला कापडाचं दुकान आहे आणि ज्यांच्या आवाजाला अख्खं मार्केट वचकून असतं, ते सुद्धा "आपा, बस पाच मिनिट और," असं पडेल आवाजात म्हणतात.

मला हे सगळं नको होतं. मी मोठ्या एकत्र कुटुंबात वाढले. आमच्या घरी एकीचा कंगवा सगळ्यांचा कंगवा असे, आणि पत्र कुणाला का येईना, मोठ्यानं वाचलं जाई. इथं एकटी राहायला आले तेच मुळी कुठं चाललीस हे कुणी विचारू नये म्हणून. तो चमचा मला चांगलाच समजत होता. त्यामुळं बाईंचं आणि माझं दर प्रकरणाला वाजायचं. मी म्हणायची, माणसाला स्वतःचं असं काही हवं. त्या म्हणायच्या, असू दे ना, पण जेवायला तर खाली ये.

एका पाण्याच्या दिवशी मी दार उघडलं नाही. ताप इतका चढला होता की मोटारीचं भानच नव्हतं. बिल्डिंगनं समजूतदारपणे ठरवून टाकलं की मी गावाला गेले असेन. बाईंनी तसलं काही ठरवलं नाही. "गावाला जाताना तिच्या चपला दारात राहतात काय?" म्हणून त्यांनी दार वाजवायला सुरुवात केली, आणि मी भिंतीला धरत धरत येऊन कडी काढेपर्यंत थांबल्या नाहीत. मग माझ्या कपाळावर हात ठेवून सगळ्या जिन्याला ऐकू जाईल एवढ्यानं म्हणाल्या, "घरातच आहे. पाणी भरा हिचं."

पाणी शकीलभाईंनी भरलं. मऊ भात बाईंनी केला. त्या आठवड्यात मी गोधडीत आणि बाई माझ्या टेबलापाशी, असं आमचं घर चाललं. बसल्या बसल्या त्यांनी उरलेली कादंबरीही संपवली. शेवटी नायक शहराबाहेर पळतो, डोंगर ओलांडतो आणि मोकळ्या माळावर एकटा उभा राहतो. भाषांतर करताना त्या पानाशी माझे डोळे भरून आले होते. बाईंनी चष्मा काढून ठेवला.

"सुटला म्हणं. अन् तो गेला हे गावात कळलं तरी का कुणाला?"

"शिपाई शोधतायत ना त्याला."

"तेच म्हणते मी. शिपाई शोधतात. जेवायला रोज शेजारी बसणारा शोधत नाय." त्यांनी कागद जुळवून ठेवले. "तो चमचावाला बेक्कार नाय, अन् भोंगा पण बेक्कार नाय. तिथला इंतजामच बेक्कार आहे."

मी तापात होते म्हणून वाद घातला नाही. बरी झाल्यावर घालायचं ठरवलं, पण त्याच सुमारास बाळासाहेब आले.

बाळासाहेब म्हणजे बाईंचे भाचे, लासूर स्टेशनला त्यांचा मक्याचा व्यापार. बाईंचे गुडघे आता जिना चढायला साथ देत नव्हते, आणि भाच्याला खरोखरच काळजी होती. तिकडंच जवळ त्यांनी एक वृद्धाश्रम बघून ठेवला होता. "आत्या, नवा कोरा आहे. घंटेवर उठायचं, घंटेवर जेवायचं, डॉक्टर, भजन, सगळा इंतजाम. आठ दिवस राहून बघ. जमलं तर फ्लॅट भाड्यानं देऊन टाकू."

'इंतजाम' हा शब्द ऐकल्यावर बाईंचा चेहरा उजळला. "असलं गाव मी पुस्तकात वाचलंय," म्हणाल्या. मला त्यांनी जाऊ नये असं फार वाटत होतं. पण ज्याची त्याची मर्जी, हे मीच त्यांना वर्षभर ऐकवलेलं. कोणत्या तोंडानं अडवणार? मी त्यांची ट्रंक बांधायला मदत केली. चौथ्या मजल्यावरचे भाडेकरू फ्लॅट बघूनही गेले, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीची मापं सुद्धा घेऊन गेले.

बाई गेल्यावर बिल्डिंगमध्ये शांतता झाली. मला हवी होती तशीच अगदी. पाण्याच्या दिवशी दोन मोटारी एकदम लागल्या आणि पाणी कुणालाच चढलं नाही. शकीलभाई जिन्यात मला म्हणाले, "बाई गये तबसे बिल्डिंग सुनी सुनी लगरी. कोई डांटताच नाय."

आठ दिवस व्हायच्या आतच बाईंचा फोन आला. "येऊन घेऊन जा," एवढंच. शकीलभाईंनी दुकान मुलावर सोडून गाडी काढली.

आश्रम खरंच सुंदर होता. पुढं मोगरा, आत झाडून पुसून लख्ख फरशी. बाई ट्रंकेवर बसून होत्या. व्यवस्थापक बिचारा गोंधळला होता. आजींची काही तक्रारच नाही, असं तो परत परत सांगत होता. बाईंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, सगळ्यांचा निरोप घेतला आणि गाडीत बसल्या.

लासूर मागं पडल्यावर मी विचारलं, "बाई, जेवण बरं नव्हतं का?"

"जेवण लई बरं. घंटा टायमावर. पहिले दोन दिवस मला वाटलं, आपलं गाव सापडलं. मग एका दुपारी घंटा झाली अन् मी मुद्दाम खोलीत बसून राहिले."

"का?" मी विचारलं.

"बघायला." त्या खिडकीबाहेर पाहत होत्या. "माझ्याकडं जेवायच्या घंटेला एखादी पोरगी कमी दिसली की मी जिना चढून जायची. तापली का, रडती का, घरून काय वाईट निरोप आला का. तुला काय वाटलं, घंटा शिस्तीसाठी असती? कोण आलं नाय ते कळावं म्हणून असती गं ती."

"मग?"

"कुणी आलं नाय. ताटं वाढली, ताटं उचलली. रात्रीच्या घंटेला पण नाय गेले. दाराकडं बघत बसले. खाली लोकांचं हसणं-बोलणं ऐकू येत होतं. माणसं वाईट नायत, चांगली आहेत. सकाळी मीच उतरले खाली. भूक लागली होती. वाढणारी म्हणाली, बसा आजी, चहा घ्या. तिला पत्ताच नव्हता."

शकीलभाईंनी गाडीचा वेग उगाच कमी केला. त्या तापाच्या दिवशी बाहेर इतका वेळ दार वाजत होतं त्याचा मला आतून राग आला होता, हे मला आठवलं. मी बाईंचा हात हातात घेतला. सालं निघालेला, लसणीचा वास असलेला हात. "तुम्ही दार वाजवत राहिलात म्हणून मी आहे बाई," मी म्हणाले. "त्याबद्दल तुमचे आभार कधी मानलेच नाहीत."

"आभार कसले? कामच होतं ते माझं."

त्यांनी हात सोडवून घेतला नाही. गारखेड्याच्या वळणाशी आल्यावर मी म्हणाले, "आज घरी काही शिजवत बसू नका. माझ्याकडं जेवायला या, तुमच्या सोयीनं."

"सोयीनं नको," बाई म्हणाल्या. "नक्की टाइम सांग. म्हणजे मला उशीर झाला, तर तुला कळंल."